आधी घड्याळ बघ

१९ जुलै, शनिवार. आज एकतीस हार्ड डिस्क पुसायच्या आहेत.

पुसायच्या म्हणजे फडक्याने नव्हे. फाइल डिलीट केली तरी ती डिस्कवर पडूनच असते, फक्त यादीतून तिचं नाव जातं. खरंच घालवायची तर तिच्या जागेवर शून्यं लिहीत जावं लागतं, डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. या जुन्या, लहान डिस्क आहेत. चार-चार एकदम लावल्या की तासाभरात एक फेरी होते. अशा आठ फेऱ्या. मधल्या वेळात हाताला काम नसतं, म्हणून दिवाळी अंकासाठी कबूल केलेला हा लेख लिहायला बसले आहे.

नाहूरच्या या गाळ्यात, ड्रायक्लीनरच्या डोक्यावर, मी बावीस वर्षं डेटा रिकव्हरी केली. बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फाइली बाहेर काढायच्या. पहिली आठ वर्षं आम्ही दोघी होतो, नंतरची चौदा मी एकटी. आता बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे, महिनाअखेरीस किल्ल्या द्यायच्या आहेत. दुसरा गाळा घेणार नाही. लोकांच्या फाइली हल्ली त्यांच्या घरात नसतातच, कुठल्या तरी कंपनीच्या दूरच्या यंत्रावर असतात, आणि तिथे मला कुणी बोलावत नाही.

लोकांना वाटतं माझं काम फाइली परत आणण्याचं. निम्मं काम तारखांचं होतं.

प्रत्येक फाइलीबरोबर कॉम्प्युटर तीन नोंदी ठेवतो: ती इथे कधी तयार झाली, तिच्यात शेवटचा बदल कधी झाला आणि ती शेवटची कधी उघडली. पहिली नोंद हमखास फसवते. फाइल एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी केली की बदलाची जुनी वेळ सोबत येते, पण तयार झाल्याची वेळ नवी पडते. त्यामुळे फाइल २०१५ साली तयार झाली आणि तिच्यात बदल मात्र २००८ साली झाला, असं दिसतं. "हे काय मॅडम, बारसं आधी आणि जन्म मागून?" असं मुलुंडच्या एका गृहस्थांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

पेनड्राइव्हची तऱ्हा आणखी वेगळी. बहुतेक पेनड्राइव्ह बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत लिहितात, त्यामुळे तिथे सेकंद कायम सम. शिवाय समोरच्या यंत्राचं घड्याळ जे दाखवेल ते जसंच्या तसं उतरवतात. आपला कॉम्प्युटर मात्र स्वतःच्या डिस्कवर जागतिक वेळ लिहितो आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास मिळवतो. काही यंत्रांचा काळ तर १ जानेवारी १९७० लाच सुरू होतो. फाइलीची तारीख हरवली की ती तिथे जाऊन बसते, आणि भारतात पहाटे साडेपाचची दिसते, त्याच साडेपाच तासांमुळे. "पहाटे साडेपाचला माझ्या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं ते शोधून द्या," म्हणत भांडुपचे एक सासरे सुनेला सोबत घेऊनच आले होते. मी साल दाखवलं. तेव्हा ती जन्मलीही नव्हती. "बघा मॅडम," ती म्हणाली, "माझ्या जन्माआधीपासून माझ्यावर संशय."

तिसरी नोंद, शेवटचं कधी उघडलं याची, मधल्या काळात बऱ्याच यंत्रांवर बंदच करून टाकली. नुसतं बघितल्याची नोंद करायची तरी दर वेळी डिस्कवर लिहावं लागतं, यंत्र मंदावतं. त्यामुळे कुणी तुमची फाइल रोज उघडून बघत असेल आणि काही न बदलता बंद करत असेल, तर ते तुम्हाला कळायचं नाही.

तारीख बदलून द्या म्हणणारेही यायचे. एका वकिलांकडचे कारकून खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "तारीख तेवढी मागे घ्या ना मॅडम. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचंच आहे. पण तारखा दोन ठिकाणी लिहिलेल्या असतात. एक आपल्याला दिसते, दुसरी यंत्रणा स्वतःपुरती ठेवते. पहिली हलवली की दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि माझ्यासारखीला ते लगेच दिसतं.

"मग दुसरीपण हलवा."

"त्यापेक्षा यंत्राचं घड्याळच मागे करा आणि नव्याने टाइप करा," मी वैतागून म्हटलं. त्यांनी ते डायरीत उतरवून घेतलं. असली उत्तरं द्यायची मी नंतर बंद केली.

पण सगळं उभं असतं ते त्या घड्याळावरच. फाइलीला स्वतःला वेळ कळत नाही. ती यंत्राला विचारते. यंत्राचं घड्याळ रुपयाच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतं आणि कुणीही ते पुढे-मागे करू शकतं. म्हणून आमच्या तपासणीच्या कागदावर पहिली ओळ होती: 'आधी घड्याळ बघ.' आलेल्या यंत्राच्या घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती फरक आहे ते आधी लिहायचं, मग बाकीचं. ती ओळ माझ्या अक्षरात होती.

आमच्या म्हणजे माझ्या आणि सुजाताच्या.

आम्ही दोघी आधी अंधेरीच्या एका कंपनीत होतो. ऑफिसांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करायला जायचो. दारात आम्हाला बघून लोक विचारायचे, "इंजिनियर कधी येणार?" सुजाता म्हणायची, "आल्या ना. एकीवर एक फ्री." ती मालवणकडची, बोलायला मोकळी. मी मोजकी. गाळा घेतल्यावरही तसंच राहिलं: ग्राहक गप्पा तिच्याशी मारायचे आणि डिस्क माझ्या हातात द्यायचे. तिच्या डब्यात बांगडा असला की मी खिडकी उघडायचे आणि ती बंद करायची. "वास नाही गो तो," म्हणायची, "जाहिरात आहे."

माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला सांभाळणाऱ्या बाई साडेसहाला निघायच्या, म्हणून मी सहाला दोन-चार मिनिटं असताना उठायचे, काही झालं तरी. दिवसभर माझं लक्ष मनगटाकडे. "काय गो घड्याळवाली," सुजाता चिडवायची, "मालकीण ना तू? की अजून नोकरीतच आहेस?" सहा ते आठ दुकान ती बघायची. पाच वाजता तिची मुलगी मनू शाळेच्या बसमधून खाली उतरायची, तिला घेऊन सुजाता वर यायची. मनू मग कोपऱ्यात बसून चित्रं रंगवायची.

डिसेंबर २०११ मध्ये प्रज्ञा आमच्याकडे आली. घाटकोपरची, पीएच.डी. करणारी. वडील बीडहून आलेले, घरात कॉलेजात गेलेली ती पहिली. मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या बायकांनी इथे काय काय कामं केली, हा तिचा विषय. पाचवं प्रकरण त्या बायकांच्या मुलाखतींचं. टेप करू द्यायला बायका तयार नव्हत्या, म्हणून तिने त्यांच्या घरी बसून ऐकलं होतं आणि घरी परतून आठवेल तसं टाइप केलं होतं. चार महिन्यांचं काम.

तिची डिस्क खरखरत होती. अशी डिस्क दिलंच तर एकदा देते. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची नक्कल आमच्या यंत्रावर घ्यायची आणि पुढचं काम त्या नकलेवर करायचं. नक्कल मिळाली. मूळ डिस्क तिथेच संपली. नकलेतून पाचही प्रकरणं बाहेर काढून मी एका फोल्डरमध्ये ठेवली. पाचव्याची एक अर्धवट, जुनी प्रत तिच्या पेनड्राइव्हवर होती, तीही तिने दिली होती, मराठी फॉन्ट नीट दिसतोय का ते ताडून बघायला. दोन्हींचं नाव एकच: प्रकरण ५.

सहाला मी गेले. सुजाताने फोल्डर नव्या डिस्कवर घालून सातला प्रज्ञाच्या हाती दिलं, आणि आमच्याकडची नक्कल पुसून टाकली. डिलीट नव्हे, पुसून, आज मी पुसतेय तशी. ग्राहकाला दिलं की आपल्याकडे काही ठेवायचं नाही, हा नियमही माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा दारात उभी. एकसष्ट पानांच्या पाचव्या प्रकरणाची बावीस पानं झाली होती. नव्याच्या जागी जुनं आलं होतं.

मी तिची डिस्क लावली आणि फाइलीच्या नोंदी बघितल्या. तयार: ६ वाजून ४१. म्हणजे तेव्हा ती आमच्याकडून तिच्या डिस्कवर कॉपी झाली. बदल: ६ वाजून ४. म्हणजे त्या वेळी कुणीतरी जुनी प्रत उघडून नव्या प्रतीवर त्याच नावाने सेव्ह केली होती. मी नोंदवहीत जाण्याची वेळ रोज लिहायचे. आदल्या दिवशीची होती ५.५८.

मी नोंदींचा तो चौकोन छापला आणि सुजाताच्या पुढ्यात ठेवला. प्रज्ञा समोरच्या बाकावर बसलेली होती. ती असताना हे करायला नको होतं, एवढंही मला सुचलं नाही.

"सहा वाजून चार मिनिटं," मी म्हटलं. "खुर्चीत कोण होतं?"

"मी होते. पण मी ती फाइल उघडलीच नाही, वैजे. फोल्डर उचललं आणि हिच्या डिस्कवर टाकलं, बस."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

"मी बोलतेय का?"

"मी कागद दाखवतेय. तू पण कागद दाखव."

तिने कागद हातात घेतला, वाचला. मग तो माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आधी घड्याळ बघ."

मला वाटलं, टोमणा. घड्याळवाली, सहाला उठून जाणारी, मागचं सगळं हिच्या गळ्यात टाकणारी. माझं डोकं फिरलं. "आई घरी पडून आहे म्हणून जाते मी सहाला," मी म्हटलं. "ते मधे आणू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

बाकावरून प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, चूक कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. माझी पानं परत येणार आहेत का?"

"नाही," मी म्हटलं.

शनिवारी सुजाता गेली. मनूची रंगपेटी आणि स्वतःचा डबा, एवढंच नेलं. मी अडवलं नाही.

प्रज्ञाने प्रकरण पुन्हा लिहिलं. अकरा बायकांपैकी दोघी पुन्हा भेटल्या नाहीत. एक गावाकडे परतली होती, एक वारली होती. प्रज्ञा आता कॉलेजात शिकवते. चार वर्षांपूर्वी दुसरी डिस्क घेऊन आली तेव्हा जुन्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

त्या भांडणानंतर दोन वर्षांनी माझी आई गेली. सहाला उठायचं कारण गेलं, तरी मी सहालाच उठत राहिले. सुजाताच्या खुर्चीवर खोके ठेवले. एकटीने काम करण्यात अडचण काहीच नव्हती. दिवसभरात बोलायची वाक्यं ठरलेली: डिस्क पडली होती का? पाणी गेलं का आत? मंगळवारी या. कधी कधी मंगळवारपर्यंत तेवढंच बोलणं व्हायचं. सुजाताने कबूल करायला हवं होतं, असं मला वाटायचं. चूक कुणाच्याही हातून होते, मी माफ केलं असतं, असं मी मनाशी म्हणायचे आणि तेव्हा मी मला फार उदार वाटायचे.

आता आजचं.

पाचव्या फेरीत आमच्या जुन्या कामाच्या यंत्राची डिस्क हाती आली. प्रज्ञाचं काम झालं ते हेच यंत्र. ग्राहकांच्या फाइली सुरक्षित राहाव्यात म्हणून याला इंटरनेट जोडलेलं नव्हतं. सुजाता गेली त्याच महिन्यात ते बदललं आणि डिस्क कपाटात पडली. ग्राहकाची डिस्क मी पुसण्याआधी कधीच उघडत नाही. ही आमची होती. उघडली.

आत एक फोटो सापडला. दसरा, २०११. कॉम्प्युटरच्या पडद्याला झेंडूचा हार, टेबलावर मनू बसलेली, हातात आपट्याची पानं, बाजूला सुजाता. मागे भिंतीवरचं घड्याळ. ते मी रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावायचे. त्यात अकरा वाजून बारा मिनिटं. हाराखाली पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, यंत्राची वेळ: अकरा बावीस.

फोटो मोठा करून पुन्हा बघितला. अकरा बावीस.

मग आठवलं. सुजाताने एकदा जाता जाता सांगितलं होतं, "घरात ठेवतो तसं हे पण दहा मिनिटं पुढे केलंय गं. नाहीतर कामाच्या नादात मनूची बस चुकते." मी "हं" म्हटलं होतं. माझं घड्याळ मनगटावर होतं. पडद्याच्या कोपऱ्यात मी कधी बघायचेच नाही. आलेल्या प्रत्येक यंत्राचं घड्याळ मी तपासलं, आमचं कधीच नाही.

पण दसरा ऑक्टोबरात होता आणि ती घटना डिसेंबरातली. एका फोटोवर निकाल लावायचा नसतो. नोंदवही काढली. प्रत्येक डिस्क किती वाजता लावली ते मी मनगटावरच्या घड्याळाने लिहायचे, आणि नक्कल घेणारा प्रोग्रॅम सुरू झाल्याची वेळ यंत्राच्या घड्याळाने लिहायचा. त्याच्या नोंदी डिस्कवर होत्याच. त्या दिवशी, वहीत ११.२०, यंत्रात ११.३०. वहीत ३.०५, यंत्रात ३.१५. आदल्या दिवशी तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही.

तो छापलेला कागद वहीतच घडी करून ठेवलेला होता. सहा चारमधून दहा मिनिटं वजा केली. पाच चोपन्न. मी उठले ५.५८ ला.

खुर्चीत मी होते.

फॉन्ट ताडून बघायला जुनी प्रत उघडायचं काम माझंच होतं. निघायच्या घाईत तीच नवीवर सेव्ह केली असणार, आणि 'बदलू का?' असं यंत्राने विचारल्यावर हो म्हटलं असणार. आठवत काही नाही. नोंद आहे.

सुजाताने मला टोमणा मारला नव्हता. माझ्याच कागदावरची पहिली ओळ तिने मला वाचून दाखवली होती.

फोटो पेनड्राइव्हवर घेतला. तयार, १९ जुलै. बदल, दसरा. मग डिस्क पुसायला लावली. प्रज्ञाला मेसेज लिहिला: 'तुमचं पाचवं प्रकरण माझ्या हातून गेलं. सुजाताच्या नाही. आज कळलं. माफी मागते.' तिने तो सहा वाजून बावीस मिनिटांनी वाचला, फोनवर तसं दिसतंय. उत्तर आलेलं नाही.

इथपर्यंत काल लिहिलं. आज रविवार.

सकाळी पवईकडून आरे कॉलनीतून जाणारी बस धरली. सुजाता गोरेगावला राहते, आरेच्या कडेला, हे एका जुन्या ग्राहकाकडून केव्हाच कळलं होतं. बिल्डिंगचं नावही माहीत होतं. बसमध्ये बोलायचं सगळं ठरवून घेतलं. गोठे मागे पडले, गोरेगाव आलं. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. खांद्याला बॅग होती.

"तू?"

ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. तोच छापलेला कागद पुढे केला. "सहा चार नव्हे, पाच चोपन्न. खुर्चीत मी होते."

तिने कागद घेतला नाही. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. बोलले होते की."

"एकदाच बोललीस."

"तू कितीदा विचारलंस?"

"चुकले मी, सुजाता," मी म्हटलं. "आणि तुला खोटी ठरवलं, तेही तिच्यासमोर."

"हं. आई गेल्याचं कळलं होतं. आले होते मी. खालपर्यंत. वर नाही आले."

मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण?

"मनूला हॉस्टेलवर सोडायचंय," ती म्हणाली. "सव्वादहाला निघायचंय आम्हाला."

तिच्या खांद्यावरून आतलं भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. बरोबर सव्वादहा. मी मनगट बघितलं. दहा पाच.

"दहा मिनिटं आहेत," मी म्हटलं.

सुजाताने मागे वळून घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या मनगटाकडे. खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि दारातून बाजूला झाली.

"चपला बाहेरच काढ," ती म्हणाली.